दांडीचा माईक

दुकानात बिनतारी हेडसेट कानाला लावून आपण काय ऐकतो? गाणं. आणि घरी आणल्यावर दिवसभर काय करतो? फोन! गाण्याचा आवाज फक्त कानाकडे येतो, बोलण्याचा मात्र दोन्हीकडे धावतो. म्हणून कॉल लागला की ब्लूटूथ वेगळी, अरुंद वाट धरतं. जुन्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला 8,000 नमुने घेतात, ‘वाइडबँड’मध्ये 16,000. ‘स’ आणि ‘फ’ यांतला फरक नीट कळतो तो या दुसऱ्या पद्धतीत.

खरी गोम माईकची. इअरबडचा माईक ओठांपासून लांब, पार कानाशी. रिक्षाचा हॉर्न, कुकरची शिट्टी, सगळं उचलतो. गालावर येणाऱ्या दांडीचा हेडसेट घातला की माणूस कॉल सेंटरमधला वाटतो, वाटू दे! पण हा हेडसेट तुमचंच बोलणं पलीकडे पोचवतो. रोज लांबलचक कॉल करणाऱ्यांसाठी माझं मत दांडीलाच. खोक्यावरच्या ‘एएनसी’ या अक्षरांना मात्र भुलू नका. ती गोंगाट दाबणारी सोय तुमच्या कानाच्या शांततेसाठी असते, समोरच्याच्या नव्हे.

बॅटरीचे तास गाण्याचे लिहिलेत की बोलण्याचे, तेही बघा. बोलण्याचे सहसा कमी भरतात. मोबाइल आणि लॅपटॉप दोन्ही वापरत असाल, तर एका वेळी दोन्हींना जोडता येणारा घ्या.

आणि दुकानदार हो म्हणाला, तर हेडसेट लावून दारात, रहदारीच्या आवाजात उभे राहा, घरी फोन लावा आणि विचारा, “माझं नीट ऐकू येतंय का गं?”