डबा हासुद्धा युनियनचा प्रश्न आहे

(शाखेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत केलेले भाषण)



वार्षिक सभेत आपण महागाई भत्ता, रिक्त जागा, पेन्शन यांवर बोलतो. ते ठराव आज होतीलच. त्याआधी कार्यकारिणीच्या वतीने आम्ही आपल्या डब्याविषयी चार शब्द बोलणार आहोत. कोणी म्हणेल, युनियनने पगाराचे पाहावे, जेवणाचे घरचे पाहतील. पण जो प्रश्न कामगाराच्या नोकरीला येऊन भिडतो, तो युनियनचाच असतो.

तो कसा भिडतो, ते पाहा. लोको पायलट, स्टेशन मास्तर, गार्ड म्हणजे आताचे ट्रेन मॅनेजर, या सर्वांना ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणीला जावे लागते. वय वाढते तशी ही मुदत आखडत जाते. साखर आटोक्यात नसली, रक्तदाब चढलेला असला, मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर परिणाम केलेला असला, की माणूस आपल्या वैद्यकीय वर्गातून खाली येऊ शकतो. पर्यायी काम मिळते; तो हक्क कायद्याने दिलेला आहे. पण किलोमीटरचा भत्ता सुटतो, आणि पंचवीस वर्षे इंजिन चालवलेला माणूस टेबलामागे बसून फायली चाळतो. हा घाव पगारपत्रकात दिसतो त्याहून खोल असतो.

टपाल खात्यातील बांधवांना अशी नियमित तपासणी नाही. त्यामुळे अनेकदा पायाला झालेली जखम महिनाभर भरत नाही, तेव्हा साखरेचा पत्ता लागतो. ज्याची नोकरीच पायांवर आहे, त्या पोस्टमनला याचा अर्थ आम्ही सांगायला नको.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपण या देशातच राहतो, तेव्हा या आकड्यांत आपणही आहोत.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. आजाराचे खापर कामगाराच्या माथी मारायला आम्ही उभे राहिलेलो नाही. रात्रपाळी, अपुरी झोप, गाडीवर असताना जेवणाला ठरलेली वेळ नसणे, ही आजाराची मोठी कारणे आहेत आणि ती प्रशासनाने निर्माण केलेली आहेत. रात्री दोनला फलाटावर काय मिळते? वडापाव, बिस्किटाचा पुडा, वेफर्स, थंड पेयाची बाटली. आरएमएसच्या सॉर्टिंगमध्ये पहाटे चारला काय मिळते? चहा आणि खारी. भुकेला माणूस समोर असेल ते खाणारच. म्हणून ही लढाई दोन आघाड्यांवर आहे. एक डब्याची, दुसरी मागण्यांची.

आधी डब्याची. प्रक्रिया केलेले अन्न म्हणजे नेमके काय, याबाबत फार गोंधळ आहे. फुटाणे भाजलेले असतात, ताक घुसळलेले असते, भाजणी दळलेली असते. यांत वाईट काही नाही. ब्राझीलचे आरोग्यतज्ज्ञ कार्लोस माँतेरो यांनी २००९ साली अन्नाची वर्गवारी कारखान्यात त्यावर काय केले जाते, यावरून मांडली. तिच्यातून निघणारी कसोटी सोपी आहे. पुड्यामागची घटकांची यादी वाचा. आपल्या स्वयंपाकघरात कधीही नसतात अशी नावे तिच्यात असतील, म्हणजे रंग, कृत्रिम स्वाद, इमल्सिफायर, तर ती वस्तू रोज खाण्याची नव्हे. यादीत जो घटक सर्वांत जास्त, तो पहिला लिहावा, असा नियम आहे. बिस्किटाच्या पुड्यावर पाहा. बहुधा मैदा, साखर आणि पामतेल ही तीन नावे आधी दिसतील. समोर चित्र मात्र गव्हाच्या लोंबीचे असते.

हे अन्न माणसाला जास्त खायला लावते, हे प्रयोगाने दिसले आहे. २०१९ साली अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेत वीस जणांना दोन आठवडे कारखान्यातले आणि दोन आठवडे साधे अन्न दिले. ताटात वाढलेली साखर, मीठ, स्निग्धांश सारखेच. हवे तेवढे खायची मुभा. कारखान्यातल्या अन्नावर माणसे दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन जवळजवळ एक किलो वाढले. म्हणजे दोष जिभेच्या लोभाचा एकट्याचा नाही, मालही तसाच बनवलेला आहे.

आता चहाचा हिशेब करू. ड्युटीवर सहा कप चहा आपल्याकडे जास्त समजत नाहीत. कपात दोन चमचे साखर, म्हणजे बारा चमचे. चमचा चार-पाच ग्रॅमचा धरला तर पन्नास ते साठ ग्रॅम साखर फक्त चहातून गेली. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असली तर उत्तम. मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा. वेफर्स, फरसाण, नूडल्सचा मसाला यांत ती केव्हा ओलांडली जाते ते कळतही नाही. घरचे लोणचे-पापडही याला अपवाद नाहीत.

मग खायचे काय? महागड्या दुकानातले काहीही नको. आपल्या आया-आज्यांनी प्रवासाचे जेवण केव्हाच शोधून ठेवले आहे. सोलापूरकडची कडक भाकरी आठवडाभर टिकते. तिच्याबरोबर शेंगाची चटणी असली की दुसरे काही लागत नाही. धपाटे, दशम्या, थालीपीठ दोन ड्युट्या सहज काढतात. मटकीची उसळ, पिठले, कांदा, काकडी, लिंबाची फोड हा पूर्ण आहार आहे. मधल्या भुकेला मूठभर फुटाणे-शेंगदाणे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. तेवढ्या बिस्किटांत त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही नसतात. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून साजरे केले तेव्हा जगाने ज्वारी-बाजरीचे कौतुक केले. आपण मात्र भाकरीला गरिबाचे खाणे म्हणून डब्यातून हाकलले होते.

आपले अनेक बांधव इटारसीला, बडोद्याला, बिलासपूरला, हुबळीला नोकरी करतात. तेथे ज्वारी मिळेलच असे नाही. तेथील कामगाराच्या घरी जे साधे शिजते ते खावे. हुबळीची जोळद रोट्टी आपल्या भाकरीची सख्खी बहीणच आहे.

एक सूचना बंधूंना. डबा सुधारायचा म्हणजे घरच्या बाईने पहाटे चारऐवजी साडेतीनला उठायचे, असा अर्थ कोणी काढू नये. आणि आपल्या भगिनी आता इंजिन चालवतात, टपालही वाटतात. त्यांचा डबा कोण भरतो? भाकरी थापता येत नसेल तर कडधान्य भिजत घालणे, कांदा चिरणे, शेंगदाणे भाजणे हे प्रत्येक पुरुषाला जमते.

दुसरी सूचना. ज्यांना औषध चालू आहे, त्यांनी भाकरी सुरू केली म्हणून गोळी बंद करू नये. आहार बदलला की साखरेचे प्रमाण बदलते, म्हणून डॉक्टरांना सांगून बदल करावा. इन्शुलिन घेणाऱ्याने साखर एकदम उतरल्यास उपयोगी पडावी म्हणून खिशात साखरेची पुडी ठेवलीच पाहिजे.

आता दुसरी आघाडी. १९४८ च्या कारखाना कायद्याने २५० हून अधिक कामगार असतील तेथे कँटीनची तरतूद केली आणि तिच्या व्यवस्थापनात कामगारांना जागा दिली. २०२० च्या सुरक्षा व आरोग्य संहितेत कँटीनसाठीचा हा आकडा १०० धरला आहे. श्रमसंहितांवर आपले आक्षेप आहेत आणि ते आपण सोडणार नाही. पण कँटीन ही मेहेरबानी नव्हे, हे दोन्ही ठिकाणी मान्य आहे. मग कँटीन समितीवर बसलेल्या आपल्या प्रतिनिधींनी फक्त दरावर भांडून चालणार नाही. भाकरी, उसळ, ताक रोज मिळावे. तळणीचे तेच तेल पुन्हा पुन्हा वापरू नये. चहात साखर वेगळी द्यावी. हे मुद्दे कार्यवृत्तात नोंदले गेले पाहिजेत.

याखेरीज आमच्या मागण्या अशा आहेत. रनिंग रूममधील अनुदानित जेवणाचा दर्जा युनियनच्या प्रतिनिधीसमोर तपासला जावा. रात्रपाळीच्या ठिकाणी पिण्याचे स्वच्छ पाणी आणि डबा गरम करण्याची सोय असावी. लोको पायलटला जेवणाची ठरलेली वेळ मिळावी. ही मागणी जुनी आहे, म्हणून ती शिळी झालेली नाही. टपाल कर्मचाऱ्यांची साखर व रक्तदाब तपासणी दरवर्षी कार्यालयातच व्हावी.

आणि आपल्याकडून एवढेच. आजपासून शाखेच्या बैठकीत बिस्किट-फरसाण येणार नाही. फुटाणे-शेंगदाणे आणि बिनसाखरेचा चहा येईल, साखर ज्याची त्याने घालावी. खर्च वाढणार नाही, हे खजिनदारांनी तपासले आहे.

आठ तासांची ड्युटी आपल्या पूर्वजांनी लढून मागितली ती कामगाराला माणसासारखे जगता यावे म्हणून. निवृत्तीचा दिवस पाहायला, पेन्शन घ्यायला आणि नातवंडांना खांद्यावर घ्यायला कामगार धडधाकट राहिला पाहिजे. आता ठराव मांडतो. हात वर करून मंजुरी द्यावी.

कामगार एकजुटीचा विजय असो!