फोनवरील देणे-घेणे आणि ग्राहकाचे रक्षण

(चांदवड येथे भरलेल्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव, वधूवरांचा परिचय आणि हिशेबाचे वाचन ही आपल्या मेळाव्याची नेहमीची कामे होत. यंदा कार्यकारी मंडळाने त्यांच्या जोडीला हा काहीसा रूक्ष विषय ठेवला आणि तो मांडण्याची आज्ञा मला केली. मी कायद्याचा पंडित नव्हे; उणीपुरी तीस वर्षे गल्ल्यामागे बसलेला एक साधा दुकानदार आहे. तेव्हा जे पाहिले, जे सोसले आणि जे विचारून-वाचून समजून घेतले, तेवढेच आपणांपुढे ठेवणार आहे.

ज्या गावी आपण जमलो आहोत, त्या गावाचा आणि पैशाचा संबंध फार जुना आहे. होळकरांच्या अमदानीत येथे टांकसाळ होती आणि येथला रुपया 'चांदवडी' या नावाने ओळखला जाई. त्या काळी रुपया हाती आला की सराफ तो वाजवून पाही, त्याचा कस व वजन पाही आणि मगच तो पिशवीत टाकी. परगावी रक्कम पाठवावयाची झाल्यास हुंडी असे. शाहजोग हुंडीचे पैसे वाटेल त्या माणसाच्या हाती पडत नसत. बाजारात पत असलेल्या शहामार्फतच ते द्यावयाचे, असा दंडक होता. हुंडी गहाळ झाली तर 'पेठ' लिहून मिळे, आणि पेठही हरवली तर 'परपेठ'. सारांश, पैसा नेण्याचे जे साधन होते, त्याच्या पोटातच रक्षणाची काही तजवीज केलेली असे.

आज आपल्या हाती नवे साधन आले आहे. ११ एप्रिल २०१६ रोजी राष्ट्रीय देयक महामंडळाने यूपीआय या व्यवस्थेचा प्रारंभ केला. आता कांद्याच्या बाजारापासून रेणुकादेवीच्या नवरात्रातील नारळाच्या दुकानापर्यंत क्यूआर कोडाची पाटी दिसते. सुट्ट्या पैशांची तंगी संपली, महामार्गावर रोकड घेऊन हिंडण्याची भीती कमी झाली. हे उपकार मी नाकारीत नाही. परंतु या सोयीबरोबर एक गैरसमजही घरोघर शिरला आहे. 'फोनवर दिले म्हणजे पुरावा राहिला, आणि पुरावा राहिला म्हणजे पैसा सुरक्षित राहिला,' हा तो गैरसमज होय. तो मलाही होता, आणि त्याची किंमत माझ्या घरातल्या माणसाने मोजली.

आमच्या नात्यातील एका भगिनीने पापड-कुरडयांच्या कमाईतून साडेअठरा हजार रुपये साठवले होते. तिला शिलाईयंत्र घ्यावयाचे होते. एका दुकानात यंत्र पसंत पडले. 'दुकानाचा कोड आज चालत नाही, माझ्या नंबरावर टाका. यंत्र परवा घरपोच करतो,' असे तेथील नोकर म्हणाला. तिने मला फोन करून विचारले. मी कामाच्या गर्दीत होतो. 'अगं, फोनवरच देते आहेस ना? नोंद राहीलच. दे,' असे मी सांगून टाकले. पावती मागितली नाही. परवा यंत्र आले नाही. आठवडाभराने कळले की, तो नोकर काम सोडून गेला. मालक म्हणाले, 'आमच्या खात्यात एक पैसाही आलेला नाही.' बँकेने सांगितले, 'पिन तुम्हीच टाकला, रक्कम तुम्ही सांगितलेल्या खात्यातच गेली. आता त्या खातेदाराच्या संमतीवाचून ती परत घेता येत नाही.' त्या दुकानाचे नाव मी येथे घेणार नाही. दोष माझ्या सल्ल्याचाही होता. ते पैसे आजतागायत परत आलेले नाहीत.

या प्रकारानंतर मी चौकशी केली, तेव्हा ध्यानात आले की फोनवरील व्यवहारात तीन निरनिराळी विघ्ने येतात आणि तिन्हींचे औषध वेगळे आहे.

पहिले विघ्न म्हणजे पैसे अडकणे. आपल्या खात्यातून रक्कम गेली, समोरच्याला पोचली नाही. याविषयी रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी मुदती ठरवून दिल्या. यूपीआयने व्यक्तीला पाठविलेली रक्कम अडकल्यास व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि दुकानदाराला दिलेली अडकल्यास पाच दिवसांत ती आपोआप परत यावयास हवी. विलंब झाल्यास दर दिवसाला १०० रुपये भरपाई ठेवली. येथे ग्राहकाची बाजू भक्कम आहे. मात्र अशा वेळी घाईने दुसऱ्यांदा पैसे दिले असतील, तर पहिल्या व्यवहाराचा क्रमांक लिहून ठेवावा.

दुसरे विघ्न म्हणजे आपल्या नकळत कोणी खात्यातून पैसे काढणे. याविषयी ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरविले की, दोष बँकेचा असेल तर खातेदारावर काहीच भार नाही. दोष बँकेचाही नाही व खातेदाराचाही नाही, आणि बँकेचा संदेश आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत त्याने कळविले, तरीही भार शून्य. चार ते सात दिवस लावल्यास सर्वसाधारण बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंत झळ. त्यापुढे बँकेच्या धोरणावर हवाला. परंतु पिन वा गुप्त क्रमांक आपणच कोणास सांगितला असेल, तर बँकेस कळवीपर्यंत होणारे सर्व नुकसान आपले. या नियमांत व आकड्यांत वेळोवेळी फेरफार होतात, म्हणून चालू आकडा आपल्या बँकेत विचारून घ्यावा. त्वरेचे महत्त्व मात्र कायम आहे. फसवणूक उमगताच बँकेला व १९३० या क्रमांकावर कळवावे. लाजेने घरात लपवून ठेवलेला एक दिवसही महागात पडतो.

तिसरे विघ्न आमच्या भगिनीवर आले ते. पैसे आपण होऊन दिले, पण माल आला नाही, किंवा आला तो सदोष निघाला. येथे फोनची ढाल संपते. यूपीआय पैसा वाहून नेते; सौद्याची जामीनकी घेत नाही. इंग्लंडात १९७४ च्या ग्राहक पतकायद्याच्या ७५ व्या कलमाने, १०० पौंडांहून अधिक व ३०,००० पौंडांपर्यंत किमतीची वस्तू क्रेडिट कार्डावर घेतल्यास, दुकानदाराबरोबर कार्ड देणारी संस्थाही जबाबदार धरली जाते. आपल्याकडे खात्यातून थेट दिलेल्या पैशाला असे कवच नाही. क्रेडिट कार्डाने दिले असल्यास कार्ड देणाऱ्या बँकेकडे व्यवहारास हरकत घेता येते. तिचा निकाल पुराव्यावर अवलंबून असतो.

मग ग्राहक निराधार आहे काय? नाही. त्याचा आधार ग्राहक संरक्षण कायदा होय. १९८६ च्या कायद्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात येऊ लागला. पैसे रोख दिले की फोनवरून, याने ग्राहकाचा हक्क बदलत नाही. पावती न देणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. परतीची मुदत पावतीवर दिली नसेल, तर सदोष माल तीस दिवसांत परत घेण्यास नकार देणे हीदेखील अनुचित प्रथाच. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे, म्हणजे आपणांस नाशिकला, दोन वर्षांच्या आत करता येते. पाच लाखांपर्यंतच्या किमतीस शुल्क नाही. प्रथम सल्ला हवा असल्यास १९१५ हा क्रमांक आहे. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार नेता येते.

पण आयोगापुढे आपल्या हाती काय असेल? फोनमधील नोंद एवढेच सांगते की, अमक्या खात्यात इतके रुपये गेले. कशासाठी गेले, कोणता माल ठरला, केव्हा द्यावयाचा होता, हे पावतीच सांगते. म्हणून माझ्या भगिनींना हात जोडून विनंती आहे की, पिन टाकण्यापूर्वी पडद्यावरील नाव वाचा. ते दुकानाचे नसेल, तर थांबा. कोडावर दुसराच कागद चिकटविलेला नाही ना, हे पाहा. मोठी रक्कम माल हाती आल्यावर द्या. आगाऊ द्यावयाचीच तर मालाचे वर्णन व तारीख लिहून घ्या. आणि पैसे मिळविण्यासाठी पिन कधीही लागत नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांना पुनःपुन्हा सांगा.

माझ्या व्यापारी बंधूंसही दोन शब्द. गिऱ्हाइकाने दाखविलेल्या फोनच्या पडद्यावर विसंबू नका. रक्कम आपल्या खात्यात आल्याची खात्री करा. नोकराच्या खाजगी नंबरावर पैसे घेऊ देऊ नका. आणि पावती न मागता द्या. आपल्या सभासदांची जेवढी दुकाने आहेत, तेवढ्यांनी जरी या वर्षापासून हा नेम पाळला, तरी या मेळाव्याचे सार्थक झाले असे मी म्हणेन.

पूर्वी शहाच्या नावावर हुंडी वटत असे. आज यंत्राला पत कळत नाही. ती माणसांनीच राखावयाची आहे. त्या भगिनीने पुढे दोन वर्षांनी जुने यंत्र विकत घेतले. या खेपेस तिने मला विचारले नाही. तिने पावती मागितली.