गाडी तापते, बॅटरी उतरते: दुखणं एकच

इस्लापूरहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. आजचा विषय गाडीच्या इंजिनाचा आहे. ‘ते गडीमाणसांचं काम’ म्हणून रेडिओ बंद करू नका. आमचा जुना टेंपो गटाच्या नावावर आहे, म्हणजे त्याचं दुखणंही आमचंच.

हळद, मिरचीपूड, डाळ घेऊन किनवट, हिमायतनगरच्या बाजाराला जाता यावं म्हणून हा टेंपो आम्ही कर्ज काढून सेकंडहँड घेतला. उन्हाळ्यात दोन तक्रारी सुरू झाल्या. सकाळी चावी फिरवली की नुसतं टकटक वाजायचं, मग सगळ्याजणींनी धक्का मारायचा. आणि थोडं अंतर गेलं की तापमानाचा काटा लाल रेघेवर. आम्ही नवी बॅटरी आणली, आठ दिवसांत तीही उतरली. रेडिएटरमध्ये पाणी भरत राहिलो, तरी इंजिन तापतच राहिलं. एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, “हेड गॅसकेट गेलंय, इंजिन खोलावं लागेल.” खर्च ऐकून बैठकीत निम्म्या जणी म्हणाल्या, विकून टाका.

तेव्हा पिठाची गिरणी चालवणारी आमची एक मावशी बोलली, “गिरणीचा पट्टा ढिला झाला की मोटर फिरते अन् जातं थांबतं. आधी पट्टा बघा की गं.”

इंजिन थंड होतं. चावी काढली, बॉनेट उघडलं. पट्टा अंगठ्यानं दाबला तर दोन बोटं खाली गेला. आतून गुळगुळीत, चकचकीत झालेला, मधे मधे चिरा. आमच्या टेंपोत हा एकच पट्टा पंखा, वॉटरपंप आणि डायनामो फिरवतो. तो घसरला की पाणी नीट फिरत नाही, म्हणून इंजिन तापतं. डायनामो पुरेसा फिरत नाही, म्हणून बॅटरी भरत नाही. नवा पट्टा बसवला आणि दोन्ही तक्रारी थांबल्या. बॅटरीचा खर्च मात्र उगाच झाला. तोही आम्ही हिशोबाच्या वहीत तसाच लिहून ठेवलाय.

भर दुपारी काटा अजून थोडा चढायचा. रेडिएटरच्या जाळीत कापसाचे तंतू आणि धूळ बसली होती. इंजिनाच्या बाजूनं बाहेर, हलक्या धारेनं पाणी मारून ती धुतली. जोराच्या धारेनं जाळीची पाती वाकतात.

आता आम्ही स्वस्तातली तपासणी आधी करतो. पहिलं, पट्टा. मधोमध दाबल्यावर साधारण एक सेंटीमीटर दबावा. फार ताणला तर बेअरिंग खराब होतात. दुसरं, बॅटरीची टोकं. पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर आधी वजाची वायर काढायची, खाण्याचा सोडा कोमट पाण्यात घालून पुसायचं, कोरडं करून व्हॅसलीन लावायचं. तिसरं, मीटर. बंद गाडीत चांगली भरलेली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, चालू गाडीत 13.8 ते 14.4. चालू असूनही आकडा 13 च्या खाली राहिला, तर नवी बॅटरी घेऊन उपयोग नाही. चार्जिंगचा दोष शोधा. चौथं, पाणी. बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरमध्ये थर धरतात. म्हणून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच भरा.

वाटेत बॅटरीचा लाल दिवा लागला आणि काटाही चढला, तर गाडी बाजूला घेऊन बंद करा. अर्धा-पाऊण तास थांबा. गरम रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका, आत दाबाखाली उकळतं पाणी असतं, तोंडावर उडतं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर धातूला तडा जाऊ शकतो. चालू इंजिनाजवळ पदर, ओढणी, वेणी, बांगड्या नेऊ नका.

प्रत्येक गाडीत पट्ट्याची रचना अशीच नसते. नव्या गाड्यांत पंखा बहुधा विजेवर चालतो. म्हणून आपल्या गाडीत कोणता पट्टा काय फिरवतो, हे मेकॅनिकला विचारून वहीत लिहून ठेवा. काढलेला जुना भाग परत मागा आणि डोळ्यांनी बघा. इंजिन खोलायला होकार देण्याआधी या चार गोष्टी तपासल्यात का, हे जरूर विचारा.

आमचा टेंपो आता दर बाजाराला जातो, हप्तेही फिटतायत. ज्या गटाकडे गाडी किंवा ट्रॅक्टर आहे, त्यांनी पुढच्या बैठकीत एकदा बॉनेट उघडून सगळ्याजणींना दाखवा.