कळपाबाहेरची मेंढी

मी मूळचा सोलापूरचा, पण शिकलो इथे, मैसूरला. पहिल्या वर्षी होस्टेलच्या खोलीत शनिवारी रात्री बाटली उघडायची आणि कुणीतरी म्हणायचं, "घे रे, एकानं काय होतंय?" मला नको असायची. गळ्यात माळ नव्हती, घरी कुणाला शब्द दिला नव्हता. नको म्हणजे नको. पण तेवढं कारण कुणाला पुरत नाही.

त्याच वर्षी एका सीनियरने पेन ड्राइव्हवर मला एक अल्बम दिला. वॉशिंग्टनच्या मायनर थ्रेट या बँडचा 'आउट ऑफ स्टेप'. १९८० मध्ये सुरू होऊन १९८३ मध्ये संपलेल्या या बँडचा हा एकमेव अल्बम. जेमतेम वीस-एकवीस मिनिटांचा. हार्डकोर पंक म्हणजे भन्नाट वेग आणि बेंबीच्या देठापासून ओरडणं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मांडणीवरून भांडी कोसळल्यासारखं वाटलं.

पोरं विशीच्या आतबाहेरची. मायनर म्हणजे अल्पवयीन, नावातच ते आलं. गायक इयन मकाय आणि ड्रमर जेफ नेल्सन आधी टीन आयडल्स या बँडमध्ये होते. तो बँड मोडला तेव्हा गाठीला सुमारे सहाशे डॉलर होते. ते वाटून न घेता त्यांनी त्यात स्वतःची रेकॉर्ड छापली. त्यातून डिसकॉर्ड ही कंपनी उभी राहिली. आपल्या मैसूरचे महाराज जयचामराज वडियार यांनी निकोलाय मेट्नर या रशियन संगीतकाराच्या रेकॉर्डसाठी १९४० च्या दशकाअखेर पैसे दिले होते. या पोरांना कुणी महाराज भेटला नाही. त्यांनी खिशातले पैसे घातले.

टीन आयडल्स सॅन फ्रान्सिस्कोला वाजवायला गेले, तेव्हा त्यांना दारू देऊ नये म्हणून क्लबवाल्यांनी त्यांच्या हातांवर मोठी फुली मारली. पोरांनी तीच फुली अभिमानाने मिरवली. पुढे १९८१ मध्ये मायनर थ्रेटचं पाऊण मिनिटाचं 'स्ट्रेट एज' आलं. नशेशिवाय जगणाऱ्यांना त्यातून नाव मिळालं.

इथे गडबड झाली. मकाय स्वतःबद्दल गात होता, ऐकणाऱ्यांनी त्याची आचारसंहिता केली. पुढे काही ठिकाणी पिणाऱ्यांना मारहाणही झाली. नेल्सनला हा धोका आधीच दिसला होता. 'आउट ऑफ स्टेप' या गाण्यात 'मी' हा शब्द स्पष्ट ऐकू यायला हवा, असा त्याचा आग्रह होता. त्यावरून दोघांत वाद झाला. अल्बमसाठी गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं तेव्हा मकाय मध्येच गाणं सोडून बोलतो. हे नियम नाहीत, मी कुणाला काय करायचं ते सांगत नाही, अशा अर्थाचं. वेगासाठी ओळखला जाणारा बँड स्वतःच्याच गाण्यात थांबून खुलासा करतो. मुखपृष्ठावर सिंथिया कॉनली यांनी काढलेलं चित्र आहे. पांढऱ्या मेंढ्यांचा कळप, आणि उलट्या दिशेने उड्या मारत निघालेली एक काळी मेंढी. ती इतरांना हाकत नाही, हे मला फार उशिरा दिसलं.

कारण मी हाकायला लागलो होतो. हातावर पेनाने फुली काढायचो, रूममेटला व्याख्यानं द्यायचो. एकदा चारचौघांत त्याला बेवडा म्हणालो. पुढच्या सत्रात त्याने खोली बदलली.

अनेक वर्षांनी तो भेटला. कुक्करहळ्ळी तलावाकाठी चालता चालता मी माफी मागितली. तो म्हणाला, "तू पीत नव्हतास त्याचा मला कधीच त्रास झाला नाही रे."

मी अजूनही पीत नाही. कुणी विचारलं तर सांगतो, मला नको. आणि तिथेच थांबतो.