बोअरला पाणी लागलं, पण वावर चोपण झालं

आज जमिनीबद्दल बोलायचं आहे, पण सुरुवात कर्जाने करते. आमच्याकडे दर्यापूर भागातल्या एका गटात एका काकूंनी बोअरसाठी कर्ज मागितलं होतं. गटाने तोवर दिलेलं सगळ्यात मोठं कर्ज. मासिक बैठकीत सगळ्यांनी होकार दिला आणि रजिस्टरमध्ये "सिंचनासाठी" असं मीच माझ्या हाताने लिहिलं. पाणी कसं असेल, असा प्रश्न एकीनेही विचारला नाही. मी बीए झालेली, गटाची समन्वयक, मीही नाही विचारला. पाणी म्हणजे चांगलंच, असं डोक्यात बसलेलं.

पाणी लागलं. गावात पेढे वाटले. त्या हिवाळ्यात काकूंचा हरभरा बरा झाला. खरी गोष्ट पुढच्या पावसाळ्यात झाली. दोन मोठे पाऊस पडले आणि वावरात पाणी साचलं ते हलेचना. तूर पिवळी पडून वाळली, पऱ्हाटी उभ्या जागी मान टाकून बसली. काकू म्हणाल्या, "बाई, माह्या वावराले काय झालं वं? पयले असं नव्हतं." वावर तेच, पाऊस तोच. बदललं होतं ते मातीच्या आतलं.

ते समजायला पूर्णेपासून सुरू करावं लागतं. आपली पूर्णा सातपुड्यातून उतरते, अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांतून वाहत जाते आणि पुढे चांगदेवजवळ तापीला मिळते. हजारो वर्षं तिने आणि तिच्या उपनद्यांनी गाळ आणून टाकला. कितीतरी ठिकाणी तो शंभर मीटरहून जास्त खोल आहे. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, शेगाव अशी आपली सगळी काळी सपाट जमीन त्या गाळाची. यातल्या पावणेपाच लाख हेक्टरच्या आसपास पट्ट्याला आपण खारपाणपट्टा म्हणतो. तीन जिल्ह्यांतली आठशेच्या वर गावं त्यात येतात.

जुनी माणसं सांगतात, इथे कधी काळी समुद्र होता. मातीचा अभ्यास करणारे सांगतात ते कारण त्याहून साधं आहे. काळ्या दगडाची माती होताना त्यातून क्षार सुटतात. पाण्याला वाट असेल तर ते वाहून जातात. आपला उतार इतका कमी आहे की पाणी कुठे जावं हेच त्याला कळत नाही. माती चिकण, त्यामुळे खालीही लवकर मुरत नाही. मग उन्हाने पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात.

क्षार म्हटलं की आपण मिठासारखा पांढरा थर डोळ्यांसमोर आणतो. ती झाली खारवट जमीन. पाणी तुंबून राहतं ती चिबड. तिसरी चोपण, आणि आपल्याकडे जास्त दुखणं तिचंच आहे. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांनाच चिकटून बसलेला असतो. बायांना हे समजायला फार वेळ लागत नाही, कारण आपण ओसरी सारवतो. माती भिजवून हात फिरवला की तिचे बारीक कण सुटे होऊन एकमेकांना चिकटतात, वाळल्यावर त्यातून पाणी पाझरत नाही. चोपण वावर पावसात स्वतःच स्वतःला सारवून घेतं. वर डबकं आणि हातभर खाली कोरडी माती, हे तुम्ही निंदताना पाहिलं असेल. वाळलं की तेच वावर विटेसारखं कडक होतं आणि पाय जाईल एवढ्या भेगा पडतात.

आता काकूंच्या वावराचं कोडं. बोअरचं पाणी खारं होतं आणि त्यात सोडियम जास्त होता. गंमत म्हणजे खारं पाणी देत असतो तोवर माती लगेच बिघडलेली दिसत नाही, कारण पाण्यातले क्षारच कणांना धरून ठेवतात. सोडियम मात्र गुपचूप मातीत बसत जातो. मग पावसाचं गोडं पाणी आलं की वरचे क्षार धुऊन जातात, सोडियम तेवढा उरतो आणि माती फुटून चिखल होते. म्हणून हिवाळ्यात हरभरा हसला आणि पावसाळ्यात तूर गेली. पाऊस दोषी नव्हता. पण दोष त्याच्याच माथी गेला.

घरी एक तपासणी करून बघा. वावरातलं वाळलेलं ढेकूळ घ्या, हरभऱ्याच्या दाण्याएवढं. काचेच्या ग्लासात पावसाचं पाणी किंवा कॅनमधलं गोडं पाणी घेऊन त्यात ते अलगद सोडा. ढवळू नका. दुसऱ्या दिवशी बघा. ढेकूळ विरघळून खाली बसलं आणि वरचं पाणी नितळ असेल तर बरं आहे. ढेकळाभोवती ताकासारखा गढूळपणा पसरला आणि तो बसतच नसेल तर जमीन चोपण होतेय असं समजा. ही तपासणी विहिरीच्या पाण्यात करू नका. खाऱ्या पाण्यात वाईट मातीही चांगली दिसते, ते आत्ताच सांगितलं.

पक्कं उत्तर प्रयोगशाळेतच मिळतं. इथे एक गोष्ट नीट ऐका. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका मिळते, पुष्कळींच्या घरी ती फाईलमध्ये आहे. त्यात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश सगळं असतं, पण मातीला चिकटलेला सोडियम त्यात मोजलेला नसतो. सामू साडेआठच्या वर दिसला तर तिथे थांबा आणि "विनिमययोग्य सोडियम तपासून द्या" असं वेगळं सांगा. शब्द जड आहे, चिठ्ठीवर लिहून न्या. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, नाहीतर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. मातीबरोबर पाण्याची बाटलीही न्या. सातबारा बहुधा मालकाच्या नावावर असतो, नमुन्यावर नाव त्यांचं लागेल. अहवाल वाचायला मात्र आपण बसायचं.

उपाय काय? जिप्सम. मातीत बसलेल्या सोडियमला उठवून जिप्सममधला कॅल्शियम त्या जागी बसतो. आपल्या मातीत चुनखडी पुष्कळ आहे, पण ती पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून असून उपयोग होत नाही. मात्रा अहवाल बघूनच ठरवा. पण ते पसाभर टाकून भागत नाही, क्विंटलने लागतं, तेव्हा खर्च आधी मांडा. पावसाच्या तोंडावर वरच्या थरात मिसळायचं. आणि एक लक्षात ठेवा, उठवलेल्या सोडियमला बाहेर जायला दार पाहिजे. वावराच्या सखल बाजूला चर नसेल तर तो तिथल्या तिथेच राहतो आणि पैसे मातीत जातात.

चर काढला की धुऱ्याचं भांडण आलंच. तुमचं पाणी शेजाऱ्याच्या वावरात सुटतं. आमच्याकडे दोन सख्खे भाऊ यावरून बोलायचे थांबले. एकट्याने चर काढून ही गोष्ट सुटत नाही. नाल्यापर्यंत सलग चर काढायला चार-पाच घरं एकत्र बसली पाहिजेत. आणि खरं सांगते, त्या घरांतल्या बाया एकाच गटात असतात.

ढेंचाही पेरून बघा. तो चोपण जमिनीत येतो, पाणी साचलेलंही सोसतो. फुलावर यायच्या सुमाराला गाडून टाकला की माती मोकळी व्हायला मदत होते. पेरणी रुंद वरंब्यावर केली तर पिकाची मुळं पाण्यात बुडत नाहीत.

आणि ओलीत पाहिजेच असेल तर शेततळं. ज्या मातीत पाणी मुरत नाही म्हणून आपण रडतो, त्याच मातीत तळ्याचं पाणी टिकतं. पावसाचं गोडं पाणी साठवून हरभऱ्याला एक पाणी दिलं तरी फरक पडतो. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात खारपाणपट्ट्यातली गावं घेतली ती या अडचणीमुळेच.

काकूंनी बोअर बंद ठेवला आहे. कर्जाचा हप्ता त्या रोजमजुरी करून भरतात, अजून एकदाही चुकवला नाही. गेल्या उन्हाळ्यात गटातल्या चौघींनी मिळून सखल बाजूचा चर नाल्यापर्यंत नेला, तिच्या हिश्शाचं जिप्सम गटाने बिनव्याजी दिलं. यंदा साचलेलं पाणी आधीपेक्षा लवकर उतरलं. तूर अजून पेरायची हिंमत झालेली नाही, ढेंचाच पेरला आहे.

आमच्या रजिस्टरमध्ये आता कर्जाच्या अर्जाला एक रकाना वाढवला आहे. बोअर किंवा विहीर असेल तर शेजारच्या विहिरीच्या पाण्याचा अहवाल जोडायचा. गेल्या महिन्यात तो रकाना रिकामा होता म्हणून एक अर्ज परत दिला. ती ताई माझ्यावर रागावली आहे. तिची पाण्याची बाटली मी सोमवारी अकोल्याला घेऊन जाणार आहे.