यिर्मयाचं खरेदीखत

कीर्तनाला उभा राहिलो की समोरच्यांना मी आधी एक प्रश्न विचारतो, तोच तुम्हांलाही विचारतो. तुमच्या घरात भिंतीवर वर्षाचं वचन आहे का? असणारच. एकतीस डिसेंबरच्या रात्री उपासना होते, थाळीत कार्डं ठेवलेली असतात, एकेक जण डोळे मिटून कार्ड उचलतो. मग बाहेर थंडीत एकमेकांना विचारायचं, "तुला काय निघालं?" निघालं म्हणे! जशी काही भिशीच लागली. आणि एखाद्याला यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन निघालं की त्याचा चेहरा बघावा. देवाने आपल्यासाठी भलं योजलंय, पुढे आशा आहे. झालं, पोराची नोकरी पक्की, बोअरला पाणी पक्कं.

कार्डाला मी नावं ठेवत नाही. माझ्याही घरी आहे. पण कार्डावर अकरावं वचन छापतात, दहावं छापत नाहीत. दहाव्यात काय आहे? सत्तर वर्षं! ते पत्र बाबेलात धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं होतं. देव तुम्हांला परत आणील, पण सत्तर वर्षांनी. आता हिशोब करा. पत्र ऐकणारा चाळिशीचा माणूस, तो काय परत येणार? त्याचं हाडसुद्धा यायचं नाही. मग त्याने करायचं काय? तेही त्याच पत्रात आहे, थोडं वर. घरं बांधा, मळे लावा, पोराबाळांची लग्नं करा, आणि ज्या परक्या शहरात राहता त्याचं भलं मागा.

ही दहावी ओळ मी स्वतः कित्येक वर्षं गाळत होतो. का गाळायचं थांबवलं ते सांगतो, लाज वाटते तरी सांगतो. एका खेड्यात कीर्तन होतं. रात्री एक बाई लेकराला खांद्यावर घेऊन आली, लेकरू तापाने फणफणलेलं. मी प्रार्थना केली आणि कीर्तनाच्या भरात म्हणून गेलो, "ताई, देवाचं वचन आहे, लेकरू उठणार." तालुक्याच्या गावी न्या, हेही म्हटलं होतं, पण आवाज मोठा होता तो पहिल्या वाक्याचा. लेकरू गेलं. महिन्याभराने मी भेटायला गेलो. ताईंनी पाणी दिलं, समोर बसल्या आणि शांतपणे विचारलं, "बुवा, ते वचन देवाचं होतं, का तुमचं?"

उत्तर माहीत होतं. तोंडातून निघेना. घरी येऊन यिर्मया पहिल्यापासून वाचायला घेतला. बत्तिसाव्या अध्यायापाशी येऊन थांबलो.

वाचकहो, हा अध्याय नगर जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. जमिनीचा व्यवहार आहे. सिद्कीया राजाचं दहावं वर्ष, यरुशलेमाला बाबेलच्या सैन्याचा वेढा. संदेष्टा पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत विकत घे. अनाथोथ म्हणजे यरुशलेमपासून तासा-दीड तासाची चाल. तिथे शत्रूचं सैन्य पसरलेलं. आपल्याकडे विहीर आटली तरी जमिनीचा भाव पडतो. इथे तर अख्खा देश हातचा चाललेला! कोण घेईल असं शेत? यिर्मयाने घेतलं. देवाने सांगितलं म्हणून घेतलं. सतरा शेकेल रुपं तोलून दिलं, साक्षीदार बसवले, खरेदीखतावर सही केली. एक प्रत मोहरबंद, एक उघडी. बारूखाला सांगितलं, दोन्ही मातीच्या मडक्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकल्या पाहिजेत.

आणि मग? मग तो बावरला. हे फार गोड आहे हो! खरेदी झाल्यावर तो प्रार्थनेला बसतो आणि देवालाच म्हणतो, नगर तर खास्द्यांच्या हाती चाललंय, आणि तू मला शेत घे म्हणतोस! विश्वासाने पैसे मोजले, तरी पोटात गोळा आलाच. देव त्याच्यावर रागावला नाही. या देशात पुन्हा शेतं विकली-घेतली जातील, एवढंच त्याने पुन्हा सांगितलं. यिर्मयाने त्या शेतात कधी नांगर घातला का? नाही. पुढे लोक त्याला मिसरात घेऊन गेले. तिथून तो परत आल्याचं शास्त्रात कुठे नाही.

असं शेत आपल्या महाराष्ट्रातही एकीने घेतलं. केडगावला. आपलं नगरजवळचं केडगाव नव्हे, दौंड तालुक्यातलं. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्याला नेलं. अमेरिकेतल्या मंडळाने खर्च उचलायचं कबूल केलं होतं, दहा वर्षांपुरतं. माणसाच्या वचनाला मुदत असते. मुदत संपायच्या आधीच बाईंनी केडगावला जमीन घेऊन फळझाडं लावली. प्रार्थना करीत होत्या आणि खड्डेही खणून घेत होत्या. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा मध्य प्रांतातून तीनशेच्या आसपास मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेग, एवढ्या मुली तिथे ठेवता येईनात. मग त्याच शेताने त्यांना जागा दिली. बाईंना दुष्काळ पुस्तकातून कळलेला नव्हता. आई-वडील आणि बहीण त्यांनी उपासमारीच्या दिवसांतच गमावली होती.

पण पुढचंही सांगितलं पाहिजे, नाहीतर मी पुन्हा दहावी ओळ गाळली असं होईल. मुलगी मनोरमा हीच काम पुढे चालवणार, अशी सगळ्यांची धारणा. ती १८८१ ची. १९२१ साली, चाळिशीत, आईच्या आधी गेली. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणीत होत्या. लेक गेल्यावरही त्यांनी ते काम सोडलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या. संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला १९२४ साली.

मला कुणी विचारतं, बुवा, मग वचनावर भरवसा ठेवायचा म्हणजे काय? मी म्हणतो, आधी वचन पुरतं वाचा, मागचं-पुढचं सकट. दुखणं जाईलच, असं प्रत्येकाला लिहून दिलेलं नाही. मी युगाच्या शेवटापर्यंत तुमच्याबरोबर आहे, हे दिलेलं आहे. मरणसुद्धा तुम्हांला माझ्या प्रीतीपासून तोडणार नाही, हे दिलेलं आहे. यावर सतरा शेकेल मोजायचे. म्हणजे दुष्काळातही बियाणं राखायचं, शेजाऱ्याचं देणं बुडवायचं नाही, आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचं आणि रात्रभर उशाशी बसायचं. पोटात गोळा आला तर देवाला तसं सांगायचं.

त्या ताई अजून मंडळीत आहेत. गावात कुणी अंथरुणाला खिळलं की त्याच मला निरोप धाडतात. मी पोहोचलो की दारातच अडवून हळूच बजावतात, "बुवा, लिहिलंय तेवढंच बोला हं."