मरुभूमीतील आमचे अंगण
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



परदेशातील वास्तव्याविषयी दोन शब्द सांगावेत, अशी चालकांनी आज्ञा केली. तेथील पगार, सोने आणि उंच इमारती यांविषयी आपण पुष्कळ ऐकले असेल. आम्ही आज तेथील मोकळ्या हवेविषयी बोलणार आहोत. ती विनामूल्य मिळते, म्हणूनच की काय, आपल्यापैकी फार थोडे लोक ती घेतात.

संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन या शहरी आम्ही सहकुटुंब राहतो. पहिली तीन वर्षे आम्ही ते शहर पाहिलेच नाही, असे म्हटले तरी चालेल. घर, मोटार, कचेरी, सर्वत्र यंत्राने गार केलेली हवा आणि रजेचे दिवस मोजणे हाच विरंगुळा. एकदा मुलीने शाळेसाठी ‘आमचे गाव’ हे चित्र काढले. त्यात कोकणातील आजोळ होते. “इथले काय काढू? खिडकीतून नुसता रस्ताच दिसतो,” असे ती म्हणाली. आम्ही ओशाळलो. वर्षातील अकरा महिने ज्या भूमीवर मूल वाढते, तिची ओळख आम्ही त्याला करून दिली नव्हती.

पुढील सुटीस पहाटेच आम्ही खजुरीच्या बागांत गेलो. तेथे ‘फलज’ नावाचे प्राचीन पाट आहेत. भूगर्भातील पाणी उताराच्या बोगद्यातून, कोणत्याही यंत्रावाचून, बागेत येत असे आणि पाळीपाळीने प्रत्येकाच्या झाडांस मिळत असे. देशावरील पाटाच्या पाळीचेच हे भावंड! अल ऐनच्या या बागा व प्राचीन स्थळे २०११ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली.

पुढे वाळूत एक काटेरी, हिरवेगार झाड दिसले. अरब त्यास ‘गाफ’ म्हणतात. ती आपली शमी! दसऱ्यास आपण जिचे पूजन करतो, तीच २००८ साली त्या देशाचा राष्ट्रीय वृक्ष ठरली. तिची मुळे खोल जाऊन पाणी शोधतात, म्हणून ती उन्हाळ्यातही हिरवी राहते. मुलगी तिच्या सावलीत बराच वेळ बसून राहिली. ऑगस्टअखेर पहाटे दक्षिणेस ‘सुहैल’ तारा उगवला की उष्मा ओसरणार म्हणून अरब आनंदतात. तो आपला अगस्त्य. ज्याच्या उदयाने नद्यांचे गढूळ पाणी निवळते, असे आपले पूर्वज मानीत, तोच.

मात्र या आनंदास मर्यादा आहे. एकदा डोक्यावरील आकाश निरभ्र पाहून आम्ही वादीत, म्हणजे कोरड्या ओढ्याच्या पात्रात, फराळास बसलो. एका वृद्ध अरबाने दूरच्या डोंगरावरील ढग दाखवून आम्हांस उठविले. तासाभराने तेथून गढूळ लोंढा गेला. १६ एप्रिल २०२४ रोजी तर अल ऐनच्या परिसरात एका दिवसात २५० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला! त्या भूमीत पाण्याचा अभाव आणि पाण्याचा कोप, दोन्हींचे भय सारखेच बाळगावे लागते.

आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात तेथे दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करण्यास कायद्याने मनाई आहे. परंतु उरलेले प्रहर सहस्रावधी श्रमिक, त्यांत आपल्या देशाचेही पुष्कळ, उन्हात राबतातच. आम्हांस जी हवा विरंगुळ्याची, ती त्यांस कष्टाची. सहलीस निघताना गाडीत चार बाटल्या पाणी अधिक घ्यावे आणि वाटेत त्यांस द्यावे, हा आमच्या घरचा नेम आहे.

आपल्यापैकी अनेकांची मुले आज त्या देशांत आहेत. त्यांस पत्र वा फोन कराल, तेव्हा पगाराबरोबर एवढेही विचारा : नोव्हेंबर लागला, थंडी पडू लागली, घराबाहेर पडलात का? शमी पाहिलीत का? गेल्या वर्षी आमच्या मुलीने पुन्हा ‘आमचे गाव’ काढले. त्यात आजोळचा माड होता, आणि त्याच्या शेजारी गाफ होता.